देह, दान आणि अनुज्ञा

वाराणसीच्या पंचगंगाघाटाला लागून उत्तरेस दुर्गाघाट आहे. ब्रह्मचारिणी दुर्गेचे देऊळ तेथे आहे. अठराव्या शतकात नारायण दीक्षितांसारख्या पेशव्यांना पूज्य असलेल्या पुरुषांनी ह्या भागात वस्ती वाढविली, पुढे नाना फडणिसांचा वाडा ह्याच परिसरात उभा राहिला, आणि दुर्गाघाट व ब्रह्माघाट ह्यांच्या मागील अरुंद गल्ल्यांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. महाराष्ट्रातील कित्येक वृद्ध स्त्रीपुरुष आयुष्याचे अखेरचे दिवस काढण्यासाठी येथे येऊन राहत. काशीवास म्हणतात तो हाच. येथून प्रवाहाच्या वरच्या अंगाला थोड्याच अंतरावर मणिकर्णिकेचे स्मशान आहे आणि तेथील चिता सहसा विझत नाहीत. प्राण गेल्यावर देहाचे काय करावयाचे, हा प्रश्न इतर गावांत प्रसंगी उद्‌भवतो. येथे तो रोजचाच आहे.

ह्या जुन्या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक नवीन अंग फुटले. एका माणसाचे मूत्रपिंड, यकृत, हृदय किंवा डोळ्याचे पारदर्शक पटल दुसऱ्याच्या शरीरात बसविता येऊ लागले. त्यामुळे जो देह अग्नीच्या किंवा मातीच्या स्वाधीन करणे एवढेच कर्तव्य उरत असे, त्याच्यावर एका अनोळखी रोग्याचे जीवित अवलंबून राहू लागले. हे अवयव कोणी द्यावे, कोणाकडून घ्यावे आणि कोणाच्या अनुज्ञेने घ्यावे, हा ह्या व्याख्यानाचा विषय आहे. त्याचा आरंभ काशीपासून करणे योग्य होईल, कारण देहाच्या अभ्यासाची फार जुनी परंपरा ह्याच नगरीशी जोडलेली आहे.

सुश्रुतसंहितेत काशिराज दिवोदास धन्वंतरी हा गुरू आणि सुश्रुत हा त्याचा शिष्य, असे सांगितले आहे. ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि शल्यतंत्र शिकणाऱ्याने प्रेताचे प्रत्यक्ष अवलोकन केले पाहिजे, असा त्याचा आग्रह निःसंदिग्ध आहे. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात त्याची रीत दिली आहे. प्रेत सर्व अवयवांनी पूर्ण असावे. मृत्यू विषाने किंवा दीर्घ व्याधीने आलेला नसावा. व्यक्ती शंभर वर्षांची नसावी. ते मुंज, वल्कले, कुश, ताग अशा द्रव्यांनी वेष्टून पिंजऱ्यात ठेवावे आणि वाहत्या नदीत एकांतस्थळी कुजू द्यावे. सात रात्रींनंतर ते बाहेर काढून वाळा, केस, वेळू इत्यादींच्या कुंचल्याने हळूहळू घासावे आणि त्वचेपासून आरंभ करून आतील प्रत्येक अंग डोळ्यांनी पाहावे. आधुनिक वाचकाला ह्या शिस्तीचे कौतुक वाटते ते योग्यच आहे. परंतु आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हे प्रेत कोणाचे असावे, त्याची हयातीतील इच्छा काय होती, आप्तांना विचारावे किंवा काय, ह्यांविषयी त्या उताऱ्यात एक शब्दही नाही.

हे मौन सुश्रुतापुरतेच होते असे नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये शरीररचनाशास्त्रविषयक कायदा केला तो वैद्यकीय विद्यालयांना बेवारस प्रेते मिळावीत म्हणून. कायदा आवश्यक होता, कारण प्रेतावाचून डॉक्टर तयार होत नाहीत. तथापि बेवारस मरतो तो बहुधा दरिद्री असतो. विद्येसाठी ज्यांचा देह उपयोगी पडला त्यांना त्याविषयी कोणी विचारले नव्हते आणि विचारणेही शक्य नव्हते. अवयवदानाच्या नीतिशास्त्रातील मुख्य अडचण येथेच बीजरूपाने दिसते. देहाची गरज सर्वांना असते; तो मिळतो मात्र ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांच्याकडून.

सुश्रुताने तुटलेले नाक पुन्हा घडविण्याचा विधी सांगितला आहे. वृक्षाच्या पानाने नाकाचे माप घ्यावे, तेवढे मांस गालापासून सोडवून नाकाच्या जागी जोडावे, आणि श्वासासाठी दोन नळ्या बसवाव्यात. ह्या विद्येची एक शाखा पुण्यात जिवंत राहिली होती. इंग्रज सैन्यातील कावसजी नावाचा एक गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळावरील त्वचेपासून त्याला नवीन नाक करून दिले. ह्याचा सचित्र वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापला गेला. मेणाच्या पातळ पट्टीने माप घेऊन ते कपाळावर आखावयाचे, त्वचा सोडवावयाची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये तिचा एक बंध तसाच ठेवावयाचा, म्हणजे रक्ताचा पुरवठा चालू राहतो. नवीन जागी ती रुजली की तो बंध कापावयाचा, अशी ती पद्धत होती. हा वृत्तांत वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज शस्त्रवैद्याने १८१४ मध्ये लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली आणि तेथून ती युरोपभर पसरली.

पुण्याचा तो कारागीर आणि काशीचा तो आचार्य ह्या दोघांनी एक मर्यादा पाळली. त्यांनी रोग्याचेच मांस रोग्याला लावले. दुसऱ्याचे मांस लावून ते टिकत नाही, हा अनुभव जगात अनेकांना आला; त्याचे कारण मात्र विसाव्या शतकापर्यंत कळले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाजलेल्या रोग्यांवर उपचार करताना इंग्लंडमधील पीटर मेदावार ह्यांनी असे पाहिले की, परक्या दात्याची त्वचा काही दिवसांनी गळून पडते, आणि त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली तर ती अधिक लवकर गळते. म्हणजेच शरीर परक्याला ओळखते आणि ती ओळख स्मरणात ठेवते. रोगजंतूंशी झुंजणारी जी यंत्रणा, तीच उपकारकर्त्याच्या अवयवावरही चालून जाते. ह्या संशोधनासाठी मेदावार ह्यांना १९६० मध्ये नोबेल पारितोषिकाचा सहमान मिळाला. दरम्यान २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे जोसेफ मरे ह्यांनी एका भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसविले व ते टिकले. कारण ते दोघे एकरूप जुळे होते आणि एकाचे शरीर दुसऱ्याला परके नव्हते. सर्वांनाच जुळा भाऊ नसतो. प्रतिकारयंत्रणा आवरून धरणारी औषधे शोधावी लागली. त्यांपैकी सायक्लोस्पोरिन हे नॉर्वेतील मातीच्या नमुन्यातील एका बुरशीपासून निघाले. १९७८ मध्ये केंब्रिजच्या रॉय कॅन ह्यांनी ते रोग्यांना देऊन पाहिले आणि पुढच्या दशकात प्रत्यारोपण हा प्रयोग न राहता उपचार झाला.

शास्त्राची अडचण अशा रीतीने पुष्कळशी दूर झाली. अवयव कोठून आणावयाचा, ही अडचण मात्र राहिली. त्याला दोनच मार्ग आहेत: मृताकडून किंवा जिवंताकडून. दोन्ही मार्गांवर नीतीचे वेगवेगळे प्रश्न उभे आहेत.

मृताकडून घ्यावयाचा तर प्रथम मृत्यू कशाला म्हणावे, हे ठरविले पाहिजे. डोळ्याच्या पटलाबाबत हा प्रश्न बिकट नाही. नेहमीच्या अर्थाने मृत्यू आल्यावर सुमारे सहा तासांच्या आत ते काढता येते. घरी येऊनही काढता येते. मुंबई राज्याने त्यासाठी १९५७ मध्येच कायदा केला होता. परंतु हृदय किंवा यकृत ह्यांना रक्तपुरवठा थांबल्यावर फार थोडा अवधी मिळतो. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे ३ डिसेंबर १९६७ रोजी क्रिस्तियान बर्नार्ड ह्यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रोगी काही तासच जगला. त्याच वर्षीचा दुसरा प्रयत्नही यशस्वी झाला नाही. त्या काळी मेंदू मृत झाला म्हणजे माणूस मृत झाला, असे म्हणणारा कायदा आपल्या देशात नव्हता. असा कायदा होण्यास पुढे सव्वीस वर्षे लागली. मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम १९९४ मध्ये संमत झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल ह्यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश ह्या राज्यांच्या विधिमंडळांनी केंद्राने हा कायदा करावा असे ठराव केले होते. महाराष्ट्राने तर १९८२ मध्येच मूत्रपिंडापुरता स्वतःचा कायदा केला होता.

१९९४ च्या कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा मृत्यूच मानला. मस्तिष्कस्तंभ म्हणजे मेंदूचा पाठीच्या कण्याशी जुळणारा भाग; श्वासाची प्रेरणा तेथून निघते. तो कायमचा निकामी झाला की श्वास थांबतो, यंत्राने हवा भरीत राहिले तरच छाती हलते, आणि हृदय काही काळ धडधडत राहते. असा मृत्यू ठरविण्याचे काम चार डॉक्टरांच्या मंडळाकडे आहे आणि प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील कोणालाही त्यात स्थान नाही. बुबुळे प्रकाशाला प्रतिसाद देतात काय, घशात नळी हलविल्यास खोकला येतो काय, यंत्र थांबविल्यावर आपोआप श्वास घेतला जातो काय, ह्या तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात.

येथे सामान्य माणसाच्या मनात एक भीती असते. बेशुद्ध पडलेला माणूस पुढेमागे जागा झाला तर? ह्या भीतीचे उत्तर त्याच के. ई. एम. रुग्णालयातील एका करुण उदाहरणात आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग ह्यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला. मेंदूला इजा होऊन त्या जाणीव हरपलेल्या अवस्थेत २०१५ पर्यंत राहिल्या आणि त्यांच्या सहकारी परिचारिकांनी बेचाळीस वर्षे त्यांची शुश्रूषा केली. त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा, मार्च २०११ मध्ये, न्यायालयाने त्या जिवंत आहेत असेच मानले. कारण त्यांचा मस्तिष्कस्तंभ काम करीत होता, त्या स्वतः श्वास घेत होत्या. दीर्घ बेशुद्धी आणि मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू ह्यांत असे मूलभूत अंतर आहे. पहिल्या अवस्थेतील माणसाचा अवयव कोणालाही काढता येत नाही.

आता जिवंत दात्याचा विचार करू. मनुष्याला दोन मूत्रपिंडे असतात आणि निरोगी माणूस एकावर जगू शकतो. यकृताचा काही भाग दिला तर उरलेला पुन्हा वाढतो. ह्या सोयीमुळेच जिवंतांकडून घेण्याचा मार्ग सुलभ झाला, आणि ह्या सोयीमुळेच त्याचा दुरुपयोगही झाला. १९८० नंतरच्या काळात मुंबई, मद्रास आदी शहरांत मूत्रपिंडांचा उघड बाजार चाले. कर्जबाजारी माणूस विकणारा, पैसेवाला रोगी घेणारा आणि दलाल मध्ये. १९९४ चा कायदा मुख्यतः हा बाजार बंद करण्यासाठी आला. पती, पत्नी, आईवडील, मुलेमुली, भाऊबहीण ह्यांना ‘निकटचे नातेवाईक’ मानून त्यांना देण्याची मुभा ठेवली. २०११ च्या दुरुस्तीने आजीआजोबा व नातवंडे ह्यांची त्यात भर घातली. इतर कोणी देऊ इच्छील तर प्राधिकार समितीपुढे जावे लागते आणि ह्यात पैशाचा व्यवहार नाही अशी समितीची खात्री व्हावी लागते. विक्रीच्या गुन्ह्याला आता दहा वर्षांपर्यंत कारावास आणि किमान वीस लाख रुपये दंड आहे.

बाजार कायद्याने आवरता येतो. घरातील दडपण कायद्याच्या हाती सहज लागत नाही. देशात २०१३ मध्ये सुमारे पाच हजार प्रत्यारोपणे होत. २०२३ मध्ये ती अठरा हजारांवर गेली. ही प्रगती मोठी आहे. तथापि २०२३ मधील मृत दात्यांची संख्या हजाराहून थोडीच अधिक होती, आणि जिवंत दाते पंधरा हजारांहून जास्त होते. त्या जिवंत दात्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. अवयव मिळालेल्यांत मात्र पुरुषांचे प्रमाण पुष्कळ अधिक आहे. पत्नी पतीला देते, आई मुलाला देते, बहीण भावाला देते. त्यांतील बहुतेकींनी प्रेमानेच दिले असेल. परंतु ज्या घरात सुनेचे किंवा आईचे नाही हे उत्तर ऐकून घेण्याची सवयच नाही, तेथे तिच्या होकाराचे मोल कसे ठरवावे? समितीपुढे ती ‘स्वखुशीने’ असे लिहून देते. त्या शब्दामागे काय आहे, ते तिलाच ठाऊक असते. बेवारस प्रेताला विचारण्याची सोय नव्हती. हिला विचारले जाते, पण उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते.

ह्यावरून एक निष्कर्ष निघतो. मृतांकडून मिळणारे दान जितके कमी, तितका भार घरातील जिवंतांवर, आणि त्यांतही स्त्रियांवर, अधिक पडतो. मृत्यूनंतरच्या दानाकडे केवळ परोपकार म्हणून पाहणे पुरेसे नाही. आपल्याच घरातील एखाद्या स्त्रीला उद्या शस्त्रक्रियेच्या मेजावर झोपावे लागू नये, ह्याचीही ती तजवीज आहे.

मग मृतांकडून दान इतके कमी का? धर्माची आडकाठी, असे उत्तर सहज दिले जाते. देह अखंड राहिला नाही तर गती मिळत नाही, पुढील जन्मी अंधत्व येते, अशा समजुती आहेत खऱ्या. त्या शास्त्रात कितपत सापडतात, हे दुर्गाघाटाच्या परिसरातच पाहता येईल. पैठणहून काशीत येऊन राहिलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ १७९० च्या सुमाराचा. मराठी घरांतील अंत्यविधी दीर्घकाळ ह्या ग्रंथांच्या आधारे चालत आले. परदेशी मेलेल्या, पुरात वाहून गेलेल्या किंवा अन्य कारणाने ज्याचा देह हाती लागत नाही अशा माणसाचे काय करावे, हा प्रश्न धर्मशास्त्राला माहीत होता आणि त्यावर पालाशविधी सांगितला आहे. पळसाच्या तीनशे साठ पानांचा किंवा देठांचा पुतळा करून त्यावर संस्कार करावा, म्हणजे क्रिया यथासांग होते. ज्या शास्त्राने संपूर्ण देह नसतानाही संस्कार पूर्ण मानला, ते दोन मूत्रपिंडे कमी असलेल्या देहाला अपूर्ण ठरवील, असे मानण्यास आधार नाही. वस्तुतः अवयव काढल्यावर देह नीट शिवून आप्तांच्या स्वाधीन केला जातो आणि दहन नेहमीप्रमाणेच होते. हिंगोली जिल्ह्यातील कडोळीत जन्मलेले नानाजी देशमुख ह्यांचे २०१० मध्ये चित्रकूट येथे निधन झाले, तेव्हा त्यांच्या पूर्वसंकल्पानुसार संपूर्ण देह दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेला अभ्यासासाठी देण्यात आला. परंपरेविषयी आदर बाळगणाऱ्या पुरुषाने घेतलेला हा निर्णय होता.

अवयवदानाच्या सभांमध्ये दधीचीची कथा नेहमी सांगितली जाते. वृत्राच्या वधासाठी वज्र हवे म्हणून देवांनी ऋषीच्या अस्थी मागितल्या आणि त्याने देहत्याग करून त्या दिल्या. ह्या कथेतील त्यागावर सर्वांचे लक्ष जाते. देवांनी विचारले ते प्रत्यक्ष दधीचीलाच, त्याच्या हयातीत, ह्याकडे मात्र दुर्लक्ष होते. आजच्या रुग्णालयात ज्याचा देह आहे त्याला विचारता येत नाही. अपघातानंतर दोन दिवस दाराबाहेर बसलेल्या पत्नीला, पित्याला किंवा मुलाला विचारावे लागते. आत छाती हलताना दिसते आहे, अंग अजून उबदार आहे, आणि अशा घटकेला निर्णय मागितला जातो. कायद्याप्रमाणे माणसाने दोन साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवलेली इच्छा पुरेशी आहे; व्यवहारात मात्र घरच्यांच्या संमतीवाचून कोणीही पुढे जात नाही, आणि जाऊही नये. त्या घटकेला बहुतेक घरे नाही म्हणतात ती निर्दयपणामुळे किंवा धर्मभीतीमुळे म्हणतात असे नाही. मृताला काय आवडले असते हे त्यांना ठाऊक नसते. आपण त्याच्यावर अन्याय तर करीत नाही ना, ह्या शंकेने ती मागे सरतात.

स्पेनमध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे मृत दात्यांची संख्या चाळीसहून अधिक असते, भारतात ती एकही भरत नाही. तेथील यश केवळ कायद्याचे नाही. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आप्तांशी धीराने बोलणारा प्रशिक्षित समन्वयक तेथे असतो. महाराष्ट्रातही मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय समन्वय केंद्रे आहेत आणि तेथील समन्वयक हेच काम करतात. परंतु ज्या घरात हा विषय पूर्वी कधी निघालाच नाही, तेथे समन्वयक तरी काय करणार?

ह्या बाबतीत दुर्गाघाटाच्या जुन्या काशीवासी वृद्धांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ती माणसे स्वतःच्या मरणाविषयी मोकळेपणाने बोलत. दहनासाठी लागणारे पैसे पुरचुंडीत बांधून वेगळे ठेवीत. अग्नी कोणी द्यावा, अस्थी कोठे सोडाव्यात, दानधर्म काय करावा, हे सर्व घरच्यांना आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवीत. त्यामुळे मागे राहिलेल्यांना काही ठरवावे लागत नसे. सांगितले तसे करावयाचे, एवढेच त्यांचे काम असे. त्या सांगण्यात आज एका वाक्याची भर घालता येईल: डोळे द्या, आणि रुग्णालयात तसा प्रसंग आलाच तर इतर अवयवही द्या. ज्याला द्यावयाचे नसेल त्यानेही तसे स्पष्ट सांगावे, तो त्याचा अधिकार आहे. हे वाक्य धडधाकट असताना, घरातील सर्वांच्या देखत उच्चारले पाहिजे, म्हणजे पुढे त्या दाराबाहेर बसणाऱ्यांवर निर्णयाचे ओझे पडणार नाही.